गोल काही होईना

मी डिझाईनला कसा आलो, ते सांगतो की. चिंचोळी एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात मी पॅकिंगला होतो. मालक एक दिवस म्हणाले, "कॉम्प्युटरवर डिझाईन शीक. आठवड्यात जमलं न्हाय, तर परत पॅकिंगला."

पहिल्याच दिवशी साधा गोल काढायचा होता. पण माऊस ओढला की अंडंच व्हायचं. वीसेक अंडी झाल्यावर मी वैतागून चहाचा रिकामा कप स्क्रीनवर उपडा धरला आणि त्याच्या कडेनं रेघ फिरवायला लागलो. तेवढ्यात शीतलताई मागं येऊन उभ्या राहिल्या. तिथल्या सगळ्यात जुन्या डिझायनर. मला वाटलं, आता ताई सगळ्यांना बोलावून दाखवणार.

त्या हळूच म्हणाल्या, "कप ठेव खाली. कंट्रोल दाबून धर, अन् मग ओढ."

गरगरीत गोल आला.

"एवढंच व्हय, ताई?"

"एवढंच."

पुढं आठवडाभर त्या जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ बसल्या. त्यांच्यामुळंच मी डिझाईनला राहिलो. नंतर एकदा मी विचारलं, "ताई, त्या दिवशी तुमी हसला कशा न्हाय?"

"कुठल्या तोंडानं हसू? मी पहिल्या दिवशी स्क्रीनला बांगडी लावली होती."