उभ्यानं पुसायची फरशी

बाबा: थांबा, दोघीही तिथेच थांबा. चपला बाहेरच्या पायपुसण्यावर काढायच्या आणि पाय या आतल्यावर पुसायचे. आधी एकच होतं, मी दोन केली. निम्मी धूळ दारातच अडते.

लेक: बाबा, आईला आधी बसू तर द्या. दवाखान्यात किती ताटकळलोय आम्ही.

बाबा: बसू दे की. ही घे खुर्ची. खांद्यामागे उशी देऊ का गं? बस. आता जरा वर बघ, पंख्याकडे.

आई: काय झालं पंख्याला?

बाबा: पुसून झाला. आणि खाली बघ, धुळीचा कण पडलेला नाही. उशीचा जुना अभ्रा घ्यायचा, मोजा चढवावा तसा पात्यावर चढवायचा आणि दाबून ओढून घ्यायचा. सगळी धूळ अभ्र्याच्या आत. बाहेर नेऊन झटकला की काम फत्ते.

लेक: अरे वा. हे कुणी शिकवलं तुम्हाला?

बाबा: शिकवायचंय काय त्यात? डॉक्टरांनी हिचा हात झोळीत घालून गळ्यात अडकवला तेव्हा ठरवलं, आता घर आपल्या ताब्यात घ्यायचं. कारखान्यात काय करत होतो मी आयुष्यभर? काम आहे तेवढंच ठेवायचं, कष्ट कमी करायचे.

लेक: म्हणजे सुपरवायझरसाहेब पुन्हा कामावर रुजू झाले.

बाबा: कर चेष्टा. पण घर बघून बोल.

आई: मी पंखा पुसायचे तेव्हा आधी गादी झाकायचे, टीपॉय झाकायचे, खुर्च्या झाकायचे. मग त्या चादरी धुवायला निघायच्या.

बाबा: तिथेच तर चुकायचं तुझं. एका कामाची तीन कामं करून ठेवायचीस.

आई: हो ना.

बाबा: आता बाथरूम. निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी, फवाऱ्याच्या बाटलीत भरायचं. टाइल्सवर मारायचं आणि चक्क निघून जायचं. पेपर वाचायचा. परत येऊन नुसतं पुसलं की पांढरे डाग गायब. घासायचं नावच नाही.

आई: मी घासायचे.

बाबा: माहीत आहे. खर्र खर्र आवाज यायचा. पेपर वाचताना डोकं उठायचं माझं.

लेक: आणि ही बादली कसली? सगळ्या बाटल्या हिच्यात?

बाबा: फडकी, ब्रश, साबण, सगळं एका बादलीत. ज्या खोलीत आपण, त्या खोलीत बादली. हिच्या किती खेपा व्हायच्या. फडक्यासाठी मागच्या दारी, साबणासाठी मोरीत. दिवसभर नुसती आत-बाहेर. आता एक खेप. आणि करपलेलं भांडं घासत बसायचं नाही. सोडा टाकायचा, कढत पाणी ओतायचं, विसरून जायचं.

लेक: बाबा, कमाल आहे हं तुमची. आमच्याकडे हे साधा कपसुद्धा विसळत नाहीत. थांबा, तुमचा फोटो काढते आणि पाठवते त्यांना. म्हणावं, सासऱ्यांकडून शिका जरा. ते फडकं घ्या हातात. हां, असं. हसा.

आई: काढ, काढ. फडकं हातात घेतलेला फोटो या घरात आजवर कुणाचाच नाही.

बाबा: आला नीट? बरं, तुम्ही बसा, मी चहा टाकतो. आणि खरी वस्तू तर अजून दाखवायचीच आहे. ती चहानंतर.

(बाबा स्वयंपाकघरात जातात.)

लेक: आई, डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी विचारलंच नाही.

आई: विचारतील.

लेक: कधी? पंख्यापासून बाथरूमपर्यंत सगळं ऐकवून झालं. मीच जाऊन सांगते.

आई: नको.

लेक: हात पुन्हा खांद्याच्या वर जाणार नाही, ही काय लपवायची गोष्ट आहे?

आई: लपवत कुठे आहे? त्यांनी विचारलं की सांगेन. मीच सांगेन. तू मध्ये बोलू नकोस, माझी शपथ आहे.

लेक: त्यांना ऐकायची भीती वाटत असेल गं.

आई: वाटत असेल. मलाही वाटत होती. पण मी गेले ना?

लेक: डॉक्टरांनी विचारलं, काय काम करता, तर तू म्हणालीस, काही नाही, घरीच असते. मला इतकं कसंतरी झालं. ते म्हणाले, खांदा तर ओझी वाहणाऱ्या माणसासारखा झिजलाय. घासणं, पिळणं, ओढणं, सगळं त्या एका सांध्यावर.

आई: रडू नकोस. चहा घेऊन येतील ते.

लेक: मग माझ्याकडे यायचं काय ठरवलंस? इथे राहिलीस तर तू गप्प बसणार नाहीस. दिसला डाग की गेला हात.

आई: सकाळी नाहीच म्हणणार होते तुला. म्हटलं, मी गेले तर यांचं कसं होईल, घराचं कसं होईल.

लेक: आणि आता?

आई: आता बघतेच आहेस तू. घर चकचकतंय.

बाबा: घ्या, चहा घ्या. कप डाव्या हाताला ठेवतो गं तुझ्या. आणि आता ही बघा खरी वस्तू. कालच आणली.

लेक: मॉप?

बाबा: नुसता मॉप नाही. दांडा बघ, पार माझ्या खांद्यापर्यंत येतो. बादलीला चाकं आहेत, उचलायची नाही, ढकलायची. वर ही जाळी. पायानं दाबलं की पिळून निघतं, हाताला पाणीसुद्धा लागत नाही. फरशी उभ्यानं पुसायची. सबंध घर पुसलं आज, अंगाला घाम नाही.

लेक: हे कारखान्यात असतं तसलं दिसतंय.

बाबा: तसलं नाही, तेच. आमच्याच जुन्या दुकानदाराकडून आणलं. तू लहान होतीस, तुला आठवणार नाही. सफाईच्या बायका दिवसभर ओणव्यानं फरशी पुसायच्या. संध्याकाळी उठायच्या तर भिंतीला धरून. मी वरच्या साहेबांना लिहून दिलं, दांडे लांब करा, बादल्यांना चाकं लावा. योजनेला नावही मीच दिलं, 'वाकणं बंद'. ते भिंतीवरचं घड्याळ त्याचंच तर बक्षीस.

आई: मी होते की त्या कार्यक्रमाला. पहिल्या रांगेत.

बाबा: सगळ्यांत जास्त टाळ्या हिनंच वाजवल्या. शेजारची बाई वळून बघायला लागली.

आई: घरी आल्या आल्या तुम्ही घड्याळ लावायला स्टुलावर चढलात. भिंतीला भोक पाडलंत, चुरा सगळीकडे उडाला.

बाबा: उडाला होता खरा.

आई: तो मी बसून पुसला. गुडघ्यावर बसून, याच हातानं. तुम्ही वरून सांगत होता, कोपऱ्यात राहिलाय बघ अजून.

बाबा: असेन म्हणालो. मग?

आई: काही नाही. तेव्हा मला काही वाटलं नव्हतं, खोटं कशाला बोलू? चांगला आनंदात होते. आज वाटलं.

बाबा: काय वाटलं?

आई: की इतकं सोपं होतं.

लेक: आई, चहा निवतोय.

बाबा: अगं, हे सगळं मी तुझ्यासाठीच केलं ना? तुला पुन्हा वाकावं लागू नये म्हणून.

आई: माहीत आहे. म्हणून तर बोलता येत नाही. भांडायलासुद्धा जागा ठेवली नाहीत तुम्ही.

लेक: तेव्हा सगळ्याच घरांत तसंच होतं गं.

आई: असेल. सगळ्या घरांचं मला कशाला सांगतेस? मी या घरातलं बोलतेय.

बाबा: तू कधी म्हणाली नाहीस. एकदा जरी म्हणाली असतीस, खांदा दुखतो म्हणून, तरी दुसऱ्या दिवशी बादली आणून उभी केली असती.

आई: त्या म्हणाल्या होत्या?

बाबा: कोण?

आई: कारखान्यातल्या बायका. त्या आल्या होत्या तुमच्याकडे सांगायला?

बाबा: त्या कशाला येतील? साहेब लोकांशी बोलायच्यासुद्धा नाहीत त्या. मला दिसलं.

आई: हं.

बाबा: अगं, तिथे ते माझं कामच होतं. बघणं हेच काम होतं माझं.

आई: मी कुठे नाही म्हणतेय?

बाबा: मग आता काय करू ते सांग. हे सगळं देऊन टाकू? पुन्हा होतं तसं करू?

आई: वेडेपणा करू नका. सोपंच असू दे. तुमचेही हात आता थकले. जाळी पायानं दाबताना तेवढी भिंत धरत जा, ओल्यावर घसराल.

बाबा: मग झालं तर. तू आता नुसतं खुर्चीत बसायचं. हुकूम सोडायचे.

आई: मी हिच्याकडे जातेय राहायला.

बाबा: हिच्याकडे? कशाला? इथे काय कमी आहे आता?

आई: काहीच कमी नाही.

बाबा: तू घरात बसून आराम करावास म्हणून तर मी एवढा खटाटोप केला. नाहीतर माझ्यासाठी कशाला करेन? माझ्या एकट्याची धूळ ती किती?

आई: मला बसवणार नाही हो. तुम्ही शीळ घालत फरशी पुसाल, दोन मिनिटांत पेपर घेऊन बसाल, आणि मी समोर बसून आठवत राहीन. तुमचं हे सोपं मला बघवत नाही. खूप वाईट वाटतं. तुमचा राग नाही आला मला, नुसतं वाईट वाटतं.

लेक: बाबा, थोडे दिवस येऊ दे तिला. तुम्हीही या रविवारी.

बाबा: येईन की. येईनच. कपडे कुठले देऊ हिचे?

आई: ते भरून ठेवलेत हिनं सकाळीच, मला न विचारता. राहिलेत ते तसेच राहू द्या कपाटात.

बाबा: परत कधी येशील?

आई: हात वर गेला की.

लेक: आई, अगं...

आई: ती पिशवी तू घे. मला नाही उचलायची.

बाबा: हात वर गेला की ना? मग ठीक आहे. मग थोड्याच दिवसांचा तर प्रश्न आहे.