पाचवं शील

चूक माझ्या बापाची, काका. पुंडलिक खरात, रिटायर माणूस, वस्तीत लई मान — आणि तुम्ही आत्ता डॉक्टरला म्हणले ना, ‘ही गोळी सुटणार कधी,’ तेच शब्द त्याचे. बसा, तुमचं पोरगं इतक्यात नाय यायचं बाहेर. सुईच्या नशेऐवजी देतात ती जिभेखालची गोळी विरघळेपर्यंत नर्स उठू देत नाय, तोंड उघडून बघती. मीपण रोज त्याच्यासारखाच आत बसायचो. कशासाठी? करुणासाठी. माझी लेक. आई तिची दुसरं घर करून गेलेली, आणि मी नशेचं इंजेक्शन घेऊन चिकलठाण्याच्या स्टॉपवर पडलेलो, ती शेजारी रडत. पोलिसांनी उचलली, बालकल्याण समितीनं शिशुगृहात ठेवली. समितीच्या मॅडम म्हणल्या, गोळी चालू ठेव, कामाला जा, पोरगी देऊ. गेलो की. शहागंजात हमाली केली — कॉलेज सोडलेल्याला दुसरं काय मिळतं? पण सुईला हात लावला नाय.

पोरगी ताब्यात मिळायची तारीख जवळ आली तसा म्हातारा उठला. ‘नशा सोडायला नशाच खातो व्हय रं? नशा न करायचं पाचवं शील मोडून पोरगी मागणार?’ विहारात नेलं, सगळ्या वस्तीसमोर पंचशील म्हणायला लावलं, गोळी बंद केली. डॉक्टरला विचारायचं? कशाला — यांना डॉक्टरपेक्षा जास्त कळतं. तुम्हालाही कळतं, दिसतंयच. शुगरची गोळी खाता ना तुम्ही? मग तेव्हा कुठलं शील मोडतं? — आणि मी तरी पंचशील का म्हणलं, असंच विचारताय ना. म्हणलं, जोरात म्हणलं. त्यानं पाठीवर हात ठेवला होता, काका. शाळा सुटल्यापासून नव्हता ठेवला.

समितीपुढं उभा राहिलो तर घाम, शिंका, जांभया — गोळी एकदम तोडली की असंच होतं. मॅडम म्हणल्या, ‘परत सुरू केलंस?’ मी म्हणतो, नाय मॅडम, उलट गोळीसुद्धा सोडली — तसा त्यांनी पेनच खाली ठेवला. आणि बाप मागं मान ताठ करून, ‘माझा मुलगा आता काहीच घेत नाही.’ काहीच नाय ना, तेच तर. त्याच संध्याकाळी मी सुई घेतली. पुढच्या तपासणीत सापडलं — हे तुम्हाला कशाला सांगतोय मी.

आलं बघा तुमचं पोरगं. त्याला काय बोलू नका, उद्या परत घेऊन या. जा आता.

करुणा नाशिकच्या एका जोडप्याला दत्तक दिली. मला भेटता येत नाय.