तानुबाईचं खुशाल

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा आणि मला एक सांगा. माणसानं आपल्या माणसाला खरं सांगावं, की बरं सांगावं? आपलं तर उत्तर ठरलेलं! "कसा आहेस?" "बरा आहे." अंगात ताप एकशे दोन, तरी बरा आहे! तुम्ही म्हणाल, "बुवा, त्यालाच तर माया म्हणतात." असेल! मायाच असेल. पण ऐका —

माण तालुक्यातल्या एका वाडीत तानुबाई काटकर राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. एकुलता एक लेक, नवनाथ, फौजेत. आणि त्याला धाडला कुठं? दक्षिण सुदानात! भांडणाऱ्या लोकांमध्ये शांतता राखायला. अहो, आपल्याकडं दोन जावांत शांतता राखता येत नाही, आणि हा पोरगा परमुलखात गेला!

दर बुधवारी आणि रविवारी, दुपारी चार वाजता त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. तानुबाईला फोनचं काही कळत नव्हतं. शेजारची शेवंता फोन धरायची.

"खुशाल हाईस नव्हं?"

"खुशाल, आई. तू?"

"मला काय धाड भरलीय! खुशाल!"

आणि मंडळी, दोघंही खोटं बोलत होती!

तानुबाई गोठ्यात शेणावरून घसरली होती. खुब्याचं हाड मोडलं होतं. तालुक्याचे डॉक्टर म्हणाले, "ऑपरेशन लगेच करा, नाहीतर पुन्हा उभं राहणं अवघड." ही म्हणाली, "नवनाथ मे महिन्यात येतोय, तवा बघू. आत्ता कळलं तर पोरगं तिकडं झुरंल." बारा दिवस बाई खाटेवर! कॉल आला, की शेवंता पाठीमागं उशा लावायची, पदर नीट करायची, आणि फोनमध्ये फक्त चेहरा दाखवायची. हसरा!

आणि तिकडं? त्याच दिवसांत चिखलात गाडी उलटली होती. नवनाथचा उजवा हात खाली सापडला होता. साहेबांना तो हात जोडून — जोडायला एकटा डावाच हात! — म्हणाला, "घरी कळवू नका साहेब, मीच सांगतो." सांगितलं का? छे! तिथले डॉक्टर म्हणायचे, "बोटं हलव, रोज हलव." पण कळ मस्तकात जायची. त्यानं हलवणंच सोडून दिलं. सांगणार कुणाला? रागावणार कोण?

एका रविवारी तानुबाईनं विचारलं, "जेवलास का?"

"जेवतोयच की, आई."

"मग जेव माझ्यासमोर. बघू दे मला."

आता आली का पंचाईत! नवनाथनं फोन तांब्याला टेकवला आणि चमच्यानं वरणभात खायला लागला.

तानुबाईचं हसू मावळलं. "डाव्या हातानं?"

"इथं... समदे असंच खात्यात."

"समदे खाऊ देत! मी तुला डाव्या हातानं खायला शिकवलं व्हतं? उजवा हात वर कर. कर म्हणते ना!"

हात वर आला. मनगटापासून बोटांपर्यंत नुसतं बँडेज! आणि मंडळी, ती माउली आपण कुठं आहोत तेच विसरली! लेकाचा हात धरायला फोनकडं झेपावली — आणि अशी किंकाळी फोडली, की शेवंताच्या हातून फोन पडला!

"आई! आई, काय झालं?"

शेवंतानं फोन उचलला. तिला आता राहवेना. "तुझी आई बारा दिस झालं उठली नाय रं! खुबा मोडलाय तिचा!"

मग काय! "मला का नाही सांगितलंस?" "तू तरी का नाय सांगितलंस?" दोघं भांडली, आणि मग दोघंही रडायला लागली. शेवंता फोन धरून उभी, तीही रडते! डोळे पुसायला हात रिकामा नाही बिचारीला!

शेवटी नवनाथ म्हणाला, "आई, उद्याच दवाखान्यात जायचं. शेवंताकाकू सही करतील."

"जाते. पण तू त्या डॉक्टरांचं ऐकायचं. मी दहा पावलं टाकली, की तू दहा दाणे उचलायचे. माझ्यासमोर!"

ऑपरेशन झालं. मग दर कॉलला ही वॉकर धरून पाऊल टाकायची, "आई गं!" म्हणायची. तो ताटातला राजम्याचा एकेक दाणा उचलायचा, दात आवळून कळ सोसायचा. "चार झाली माझी!" "थांब, माझे तीनच झाल्यात!"

मे महिन्यात नवनाथ घरी आला. दोन बोटं ताठच राहिली, मंडळी. खोटं कशाला सांगू? तानुबाईही लंगडते. पण एसटीच्या थांब्यापर्यंत ती काठी टेकत चालत गेली. त्यानं पायांवर डोकं ठेवलं. तिनं त्याला उठवलं, त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, आणि तिथंच, सगळ्यांदेखत, एकेक बोट चोळत बसली.

बारा दिवस दोघं एकमेकांना जपत होती, आणि दोघंही एकेकटी पडली होती! ज्याला दुखणं सांगितलं, तोच दुखण्यात हात देतो ना? आपण देवापुढं दहा गोष्टी बोलतो, आणि पोटच्या पोरापासून लपवतो!

तिसऱ्या ओळीतल्या माउली, तुम्हालाच म्हणतोय. मघापासून गुडघा दाबताय. लेकीला सांगितलंत का? ... हसू नका! आणि तिकडं पुण्या-मुंबईत तिचं काय दुखतंय, ते तुम्ही कधी विचारलंत? आज फोन लावा. ती "बरं आहे" म्हणेल. तरी फोन ठेवू नका. गप्प राहा, ऐकत राहा. ती बोलेल.

उचला टाळ आता, आणि मोकळ्या गळ्यानं म्हणा — विठ्ठल, विठ्ठल!