बाईंची ‘कोणाक म्हायत’ मात्रा

आजच्या सभेचे अध्यक्ष माननीय गुणाजीशेठ तेरसे, व्यासपीठावर बसलेली सन्माननीय मंडळी, आपण ज्यांना निरोप द्यायला जमलो त्या आपल्या डॉक्टर सत्यवतीबाई वालावलकर, आणि बाजारातून, देवबागातून, मसुऱ्यातून आलेल्या बंधुभगिनींनो,

आज रविवार, दिनांक २० मे १९६२. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं झाली आहेत. हे भाषण मी काल संध्याकाळी सहा वाजता बाटल्या उकळत ठेवून वहीत लिहायला घेतलं. माझं शिक्षण इंग्रजी दुसरीपर्यंत, त्यामुळे वक्तृत्वाची अपेक्षा आपण ठेवली नसेलच. अध्यक्षांनी मला दहा मिनिटं दिली आहेत. त्यांचं घड्याळ मागे पडतं हे मला ठाऊक आहे, म्हणून मी निर्धास्त आहे.

मी सहदेव कुबल, बाईंचा कंपाउंडर. सात वर्षं झाली. आपल्यातल्या बहुतेकांच्या पोटात माझ्या हातचं औषध गेलेलं आहे, आणि आपण समोर बसलेले दिसता. यापलीकडे माझ्या नोकरीचं प्रमाणपत्र ते काय?

पण तीन वर्षांपूर्वी हेच मला पटत नव्हतं. बाटलीत मिश्रण ओतायचं, मात्रांची कागदी पट्टी कापून बाटलीला चिकटवायची, नाव लिहायचं, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. एवढंच काम. पण हातात देताना मनात यायचं, मघाशी वरच्या फळीवरची विषाची, लाल चिठ्ठीची बाटली तर उचलली नाही? मग परत बघायचं. बघितलेलं नीट बघितलं का, म्हणून पुन्हा बघायचं. एका बाटलीला सतरा वेळा. बाहेर बाकावर खोकणारी माणसं बरी होऊन घरी जायची.

गावात या आजाराला तीन नावं होती. कोणी बाधा म्हणे, कोणी मंत्रचळ म्हणे, कोणी म्हणे पोराचं लग्न करा. माझ्या आईने तिन्ही बाजूंनी प्रयत्न चालवले होते.

कळस झाला तो देवबागच्या हौसाबाईंच्या बाटलीवर. त्या समोरच बसल्या आहेत. मान खाली घालू नका हौसाबाई, गोष्ट माझ्या फजितीची आहे. घोवासाठी त्यांनी खोकल्याचं औषध नेलं. त्या गेल्यावर ती लाल चिठ्ठीची बाटली पुन्हा माझ्या मनात आली. दवाखाना तसाच टाकून मी देवबागची वाट धरली, वाळूत चपला हरवल्या, आणि त्यांच्या दारात पोचलो. एक मात्रा पोटात गेली होती. मी त्यांच्या यजमानांसमोर बसलो आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. एक तास गेला, दोन तास गेले. शेवटी हौसाबाई म्हणाल्या, “काय रे सहदेवा, माझो घोव मरता कधी तां बघूक इलंस?” यजमान म्हणाले, “बस रे, बस. मी खंय जातंय? मराचो झालंय तर तुका आधी सांगान.”

मंडळी, हसा. मी त्या दिवशी हसू शकलो नव्हतो.

दुसऱ्या दिवशी बाकावरच्या लोकांनी बाईंना सांगितलं की हा माणूस तरी ठेवा नाहीतर आम्हाला तरी ठेवा. बाईंनी मला आत बोलावलं. मला वाटलं, हिशेब करून घरी पाठवतील. बाईंनी विचारलं, “परत तपासलंस की बरं वाटतं?”

“हो.”

“किती वेळ?”

मी खरं सांगितलं. “पुढची बाटली येईपर्यंत. कधी तेवढंही नाही.”

“म्हणजे तपासणं ही तुझी दारू आहे,” बाई म्हणाल्या. “आणि गावभर तुला फुकट पाजणारे आहेत. तू विचारतोस, ‘औषध बरोबर आहे ना?’ आणि प्रत्येक जण म्हणतो, ‘बरोबर आसा रे.’ झाला एक घोट.”

मग त्यांनी एक जाड इंग्रजी पुस्तक दाखवलं. म्हणाल्या, “यात तुझ्या आजाराचं नाव आहे. तू वेडा नाहीस, तुला भूत लागलेलं नाही. औषधाचं पान मात्र मला पटत नाही, तेव्हा ते आपणच काढू.” आणि त्यांनी नियम केला. एकदा बघायचं, बाटली द्यायची आणि बाकावर बसायचं. मागे धावायचं नाही. कोणाला विचारायचं नाही. भीती येईल, तिला येऊ द्यायची. “समुद्राच्या काठावर जन्मलास,” म्हणाल्या, “भरती कधी कोणी हाताने ढकलून ओसरवली आहे का?”

पहिल्या दिवशी मी एक तास चाळीस मिनिटं बाकावर घाम पुसत बसलो. आणि काय आश्चर्य, गिऱ्हाईक मेलं की नाही हे न कळताच भीती ओसरली. आठवड्याने पाऊण तास लागला. मग बाईंनी हट्टाने मात्रांची पट्टी वाकडी चिकटवायला लावली. मंडळी, विष परवडलं, ती वाकडी पट्टी परवडली नाही.

पण खरी मात्रा पुढेच होती. बाई स्वतः बाजारात फिरल्या आणि प्रत्येकाला सांगून आल्या, सहदेवने काही विचारलं तर ‘बरोबर आसा’ म्हणायचं नाही. ‘कोणाक म्हायत’ एवढंच म्हणायचं.

आपल्या मालवणला कोणी असं काम सांगावं का? पथ्य पाळायला सांगितलं असतं तर निम्म्यांनी मोडलं असतं. हे मात्र सगळ्यांनी मनापासून पाळलं. मी मासळीबाजारात विचारलं, “बांगडे ताजे आसत काय?” उत्तर आलं, “कोणाक म्हायत.” भाव विचारला, तरी तेच. देवळात गुरवाला विचारलं, आरती झाली का? “कोणाक म्हायत.” समोर आरती चालू होती. माझ्या आईला विचारलं, “आये, आमटीत मीठ घातलंस?” तीही तेच म्हणाली, आणि खरोखरच घातलेलं नव्हतं.

एके दिवशी मसुऱ्याचा एक परका गृहस्थ औषध घेताना सहज म्हणाला, “हेनी बरां वाटतलां ना?” बाकावरून हौसाबाई म्हणाल्या, “कोणाक म्हायत. विखय आसात.” विषाचं नाव ऐकताच तो बाटली तिथेच ठेवून गेला. मी बाईंपुढे मान खाली घालून उभा. बाई म्हणाल्या, “एक रोगी गेला, एक राहिला. चालेल.”

त्याच मसुऱ्याहून पुढे यमुनाबाई आल्या. आज मागच्या रांगेत आहेत, त्यांच्या परवानगीने सांगतो. भांडी घासून घासून त्यांचे हात सोलवटले होते. घरचे म्हणायचे, कडक सोवळं आहे. बाई म्हणाल्या, “सोवळं आंघोळ झाली की संपतं. यांचं संपत नाही.” आणि त्यांना माझ्या शेजारी बाकावर बसवलं. एका खरकट्या वाटीकडे दोघे जण घड्याळ लावून बघत बसलो होतो. तो फोटो कोणी काढला नाही हे बरं झालं.

मी पूर्ण बरा झालो का? नाही. भीती अजून येते. पण ती येते, बाकावर बसते, आणि मी पुढची बाटली भरतो. बाईंनी मला यापेक्षा जास्त काही कबूल केलं नव्हतं, आणि कमी काही दिलं नाही. जूनमध्ये नवे डॉक्टर येतील. त्यांच्या हाताखाली मी टिकेन का, हे मी बाईंना विचारलं नाही. उत्तर काय आलं असतं ते आपण जाणता.

आता एक गोष्ट वहीत नाही ती सांगतो. आज सकाळी नऊ वाजता बाई म्हणाल्या, “सहदेव, मला बोट लागते. मुंबईपर्यंत पुरेल एवढी बाटली भरून दे.” मी भरली. एकदा बघितली. पट्टी चिकटवली, दिली. बाईंनी वाससुद्धा न घेता ती पिशवीत टाकली. ती पिशवी या घटकेला त्यांच्या खुर्चीखाली आहे, माझ्या उजव्या पायापासून तीन हातांवर.

चार वाजता धक्क्यावरून माणसांना बोटीपर्यंत नेणारा पडाव सुटेल. या मोसमातली ही शेवटची बोट. एकदा पडाव सुटला की ती बाटली मला पुन्हा दिसणार नाही. बाई पहिली मात्रा घेतील तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघत बसलेला नसेन.

मंडळी, मी दहाची वीस मिनिटं केली, ती आदरापोटी केली असं आपल्याला वाटलं असेल. निम्मी आदरापोटी. निम्मी अशासाठी, की मी बोलतोय तोवर पिशवी खुर्चीखालीच राहते. बाईंना हे केव्हाच कळलेलं आहे. त्या मघापासून माझ्याकडे न बघता घड्याळाकडे बघताहेत.

तेव्हा अध्यक्षांचे, मांडव घालणाऱ्यांचे, आणि तीन वर्षं मला एकाही गोष्टीची खात्री न देणाऱ्या समस्त मालवणकरांचे आभार मानतो. भाषणाच्या शेवटी चुकांची क्षमा मागायची रीत आहे. मला बाईंनी ती मना केली आहे, कारण क्षमा मिळाली की मी पुन्हा मागतो. काही चुकलं असेल तर ते चुकलेलंच राहू द्या.

अरे पडाववाल्या लवू, बाईंची पिशवी उचल आणि पडावात नेऊन ठेव. मी खाली बसतो.