रेघ खरी की माझी

भाभी, मंडळी, मुलांनो,

तुम्ही इतके सगळे आलात. बोलायला उभी राहिलेय. दुःखानं, आणि भीतीनंही.

नसीर सर कन्नड गावाहून रोज एसटीनं यायचे, इथं कॉलेजात फिजिक्स शिकवायचे, हे सगळ्यांना माहीत आहे. तीन वर्षं आम्ही दोघं एका मेलेल्या ताऱ्याचं चित्र काढत होतो. तारा स्फोटात गेला, गाभा उरला. तो गरगर फिरतो, त्यातून कणांचा वारा सुटतो आणि भोवती ढग फुगतो. तो ढग रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या टिपतात. आलेली माहिती गोंगाटानं मळकी असते. ती कॉम्प्युटरवर धुवावी लागते. सर दारातूनच विचारायचे, "काय ताई, झालं का धुणं?"

धुताना एक चौकट आखतात. खरा ढग कुठं आहे, ते आपण सांगायचं. कॉम्प्युटर तिथंच शोधतो. चौकट चुकली, तर तो गोंगाटालाही ढग म्हणतो.

मी एक लांबुळकी चौकट आखली. ढगातून बारीक रेघ निघाली. कुणीच न पाहिलेली! मी नाचायचीच बाकी होते. सर वाकून बघत राहिले. म्हणाले, "ताई, ही रेघ आसमानातली, का तुमच्या माऊसची? चौकट पुसून धुणं परत चालवा."

त्याला दोन दिवस लागतात. शुक्रवारी त्यांनी विचारलं. मी म्हणाले, "चालवलं सर. रेघ तशीच आहे."

मी चालवलं नव्हतं.

सरांनी विश्वास ठेवला. सगळ्या स्टाफला नानखटाई वाटली. "लई बारीक काम केलं आमच्या ताईनं." सोमवारी सकाळी एसटीतच छातीत कळ आली, आणि सर गेले.

आज मुलांनी प्रेमानं तेच चित्र फ्रेम करून त्यांच्या फोटोशेजारी ठेवलंय. प्राचार्य आत्ताच म्हणाले, शोधनिबंध सरांच्या नावानं याच आठवड्यात पाठवू. कसा पाठवू? सरांनी मला एकच गोष्ट विचारली होती.

भाभी, काल चौकट पुसून धुणं परत चालू केलंय. उद्या कळेल. रेघ राहील का, खरंच माहीत नाही. नाही राहिली, तर तिच्याशिवायचं चित्र सरांच्या नावानं जाईल, आणि ते सांगायला सगळ्यात आधी मी तुमच्या दारी येईन.

तोवर, मुलांनो, ती फ्रेम तेवढी खाली घ्या. फोटो राहू द्या.

घेतली? आता सरांसमोर दोन मिनिटं गप्प उभं राहू या.