ऑस्सीने वाळवलेल्या लाद्या

— देवाशप्पथ, हेल्मीबाई, सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलंय — म्हणजे मी तापाने अंथरुणात होतो, पण ऑस्सीने इतक्यांदा सांगितलंय की पाहिल्यातच जमा. बसा हो. तुमच्या बेटाकडे तेल सरकतंय, कळतंय मला; पण वाळवायची टाकी आत्ताच उघडली तर तेल शोषायच्या या लाद्या वाया जातील. काय म्हणालात? ओल्याच नेता, घरी सौनाच्या गरम वाफेत वाळवता? अरे देवा, तुम्हीसुद्धा! आपण फिनलंडचे लोक म्हणजे — मोजे भिजले, सौना. सर्दी झाली, सौना. बायको रुसली, सौना!

माझ्या मेहुण्याने, या ऑस्सीने, तेच केलं ना. त्या वर्षी बंदरात तेलाचं जहाज फुटलेलं, आणि टाकीचा हा पंप कुरकुरत होता. खरं काम काय? लाकडाच्या लगद्याचा फेस करायचा, गोठवायचा, टाकीतली हवा ओढायची — बर्फ पाणी न होताच उडून जातो, त्याच्या जागी भोकं राहतात, तेल त्यांत शिरतं. ऑस्सी म्हणाला, "दाजी, तुम्ही झोपा, वाळवायचंच तर आहे!" — आणि पेटवला सौना. बर्फ वितळला, भोकं मिटली. सकाळी बघतो तर लाद्या राय धान्याच्या वाळक्या पावासारख्या चपट्या, कडक! त्याने एक चावूनसुद्धा पाहिली.

मग काय, पुन्हा लगदा, पुन्हा फेस... कंबर मोडली. पण नव्या लाद्यांनी काय तेल प्यायलं म्हणता! एकेक अस्वलाएवढी फुगली — बरं, फुगली नाही, जड झाली. वर मेणासारखा लेप असतो, पाणी शिवत नाही. सासूबाईंच्या चादरी पिळायच्या रुळांतून पिळायची, परत सोडायची. खडक न् खडक लख्ख! वसंतात समुद्री बदकं आली, पिल्लांची रांग धक्क्यावरून निघाली, ऑस्सी टोपी काढून उभा —

काय? तुमच्याकडची आत्ता अंड्यांवर बसलीत?

...

हं. ऐकलात तो आवाज? टाकीत हवा शिरतेय. वाळल्या लाद्या. उचला, तेल खडकाला लागायच्या आत सोडा. आम्ही सोडल्या तेव्हा तेल खडकांना लागून गेलं होतं. बाकी सगळं खरं, बाई — फक्त ती पिल्लं गोष्टीत मी घातली. त्या वसंतात एकही आलं नाही.

माझ्या तोंडाकडे काय बघताय? होडी काढा!