सरदारकन्या आणि विमानातला हेर

— माफ करा, सुमंतकाका, बोलणं साधंच आहे माझं, सातवीतून शाळा सुटली — पण तुमच्या वाचनालयाचं पुस्तक हरवलं नाही, हे आधी सांगतो. कुठं आहे ते सांगायलाच आलोय. बसू का? उन्हाळ्यात असलीच पुस्तकं लागतात बघा — बाहेर अख्खं नेवासं भाजतंय, अन् पुस्तकात सरदारकन्या कारंज्यापाशी बसलेली, नाहीतर हेर बर्फातून पळतोय — वाचता वाचता अंगाला गार वाटतं. आमच्या शेजारच्या छबूबाईंच्या पडवीत दुपारी बायका पापड लाटायला जमतात, त्यांना कुणीतरी वाचून दाखवायचं, ही दरसालची रीत. यंदा मी. भिंतीकडं तोंड करून वाचतो, बायकांकडं बघून मला वाचता येत नाही. अन् यंदा छबूबाईंची भाची आलेली, चांगुणा, खर्ड्याची.

तर तुमच्या बाइंडरनं केलं काय — राग नका मानू — सरदारकन्येच्या गोष्टीला मागून हेरकथेची पानं शिवली. पान उलटलं तर माणूस विमानातून उडी मारतोय. थांबलो असतो तर मला परत कोण बोलावतंय? मी विमानाचा बुरूज केला. टेलिफोन आला की म्हणायचं, सांडणीस्वार आला. छान चाललं होतं — अन् एकदा तोंडातून गेलं, त्यानं सिगारेट पेटवली. छबूबाई म्हणाल्या, "तवा शिग्रेटी हुत्या व्हय रं, मच्छिंद्रा?" मी नुसतीच पानं चाळली. तर चांगुणा म्हणते, "एखाद्या गोऱ्या सायबानं दिली असंल, मावशे. तू लाट."

तेव्हा कळलं, हिला सगळं कळलंय. तिथून पुढं हेर जरा जास्तच चांगला झाला — म्हणजे पुस्तकातच तसं — नाही, पुस्तकात नव्हतं. मीच केला. थोडा लाजाळूही केला.

परवा पापडाचं पीठ संपलं. चांगुणा दुसऱ्या दिवशी गावी जाणार. बायका म्हणाल्या, "लाव त्यांचं लगीन अन् हो मोकळा." अन् मला तेवढंच बोलवेना — हेर तिला विचारतो, माझ्याशी लग्न करशील का — एवढंच की हो. पण मागं चांगुणा बसलेली. पुढची पानं फाटलीत म्हणालो अन् पळालो. छबूबाईंनी काय काय ऐकवलं, ते तुम्हाला सांगत नाही.

काल सकाळी मग स्टँडवर गेलो. नगरची गाडी सुटायला आलेली, ती खिडकीत. पुस्तक तिच्या हातात दिलं, म्हटलं, शेवट यात नाहीये. म्हणते, "ठावं हाय. तुमी पानी प्यायला उठला की मी बघायची. तुमचंच बरं हुतं." म्हटलं, मग शेवट असा, की हेर तिला विचारतो — अन् कंडक्टरनं घंटी मारली. तरी विचारलं मी, काका. गाडीबरोबर पळत पळत विचारलं. ती म्हणाली, "पुस्तक ऱ्हाऊ द्या माज्याकडं. न्यायला या. येताना आईस्नी घेऊन या."

म्हणून म्हणतो, पुस्तकाची मुदत आठ दिवस वाढवून द्या. नाही, थांबा — आईला अजून सांगायचंय. पंधरा करा. येतो मी.